देह द्यायचा, तर आईंना विचारूनच

प्रश्न : माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत, निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयात देहदानाचा फॉर्म भरला. त्यावर साक्षीदार म्हणून माझी आणि माझ्या नवऱ्याची सही आहे. सासूबाईंना तेव्हा सांगितलं नव्हतं. 'मी सांगेन योग्य वेळी,' असं सासरे म्हणाले होते. मागच्या महिन्यात त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं तेव्हा कागदपत्रं शोधताना तो फॉर्म सासूबाईंच्या हाती लागला. सासरे आता घरी आले आहेत, पण घरातलं बोलणं थांबलंय. सासूबाई म्हणतात, 'अग्नी मिळाला नाही तर गती नाही. परक्या पोरांनी यांना उघडं करून कापायचं, हे मी जिवंतपणी बघू?' चुलतसासरे म्हणतात, डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येतं. सासऱ्यांचं एकच उत्तर : 'गीतेत सांगितलंय ना, जुनं वस्त्र टाकायचं. त्यात रडण्यासारखं काय आहे?' नवरा काहीच बोलत नाही. आपल्या धर्मात देहाला नक्की काय मानलंय? माणूस गेल्यावर त्याचा देह कुणाचा? आणि मी आता काय करू?

उत्तर :

ताई,

तुमच्या सासऱ्यांचा निर्णय मला मनापासून आवडला. त्यांचं देहदान व्हावं असंच माझं मत आहे. पण त्यांनी तो निर्णय ज्या तऱ्हेने घेतला आणि आता ज्या शब्दांत ते तो आईंच्या गळी उतरवू पाहताहेत, ते मला पटत नाही. तुमच्या घरातली कोंडी धर्मामुळे झालेली नाही. ज्या बाईने पन्नासेक वर्षं या माणसाचं पथ्यपाणी पाहिलं, त्याच्या तापात कपाळावर घड्या ठेवल्या, तिला त्याच्या देहाबद्दलचा निर्णय एका फाईलमधून कळला. सुनेला माहीत होतं, मुलाला माहीत होतं, तिला नव्हतं. 'अग्नी' आणि 'गती' हे शब्द नंतर आले. आधी हे दुखलंय.

आता 'जुनं वस्त्र'. दुसऱ्या अध्यायातला तो श्लोक खराच आहे : माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो, तसा देही जुनी शरीरं सोडून नवी धारण करतो. पण हे श्रीकृष्ण कुणाला सांगताहेत? शोकाने हातपाय गळालेल्या अर्जुनाला. मरणाची भीती घालवण्यासाठी ते सांगितलं आहे. गेलेल्या माणसाच्या देहाचं काय करावं, याचा तो नियम नाही. त्याच गीतेत तेराव्या अध्यायात शरीराला 'क्षेत्र' म्हटलं आहे, म्हणजे शेत. शेताची किंमत शेतकऱ्याला ठाऊक असते. बाबा शिक्षक होते. एक श्लोक काढून समोरच्याला गप्प करता येतं, पण त्याने समोरच्याला समजावल्यासारखं होत नाही, हे त्यांना वर्गातल्या अनुभवावरून माहीत असणार.

आणि खरं सांगायचं तर देह म्हणजे टाकायचं कापड, असं आपण कधी वागलोच नाही. मूल जन्मलं की महिनोन्‌महिने त्याच्या अंगाला तेल चोळतात, टाळू भरतात, धुरी देतात. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते असं मानतात. नशीब लिहायलाही जागा लागते ती अंगावरचीच. नरकचतुर्दशीला उटणं, लग्नात हळद, प्रवासाला निघताना हातावर दही. पूजेला बसलं की न्यास करताना हृदयाला, मस्तकाला, शेंडीला हात लावत मंत्र म्हणतात, म्हणजे पूजा करणाऱ्याच्या अंगावर जागोजागी देवता बसवतात आणि मगच समोरच्या मूर्तीकडे वळतात. वारीत तर अनोळखी माणसं एकमेकांच्या पायाला हात लावतात. वय नाही, जात नाही, ओळख नाही. समोरच्या देहात विठ्ठल आहे म्हणून. तुमच्या सासूबाई या सगळ्यातून घडल्या आहेत. त्यांच्यासाठी बाबांचा देह हे 'बाबांचं काहीतरी' नाही, ते बाबाच आहेत. त्यांना अडाणी समजण्याची चूक घरात कुणीही करू नये.

त्यांच्या बाजूने तर फार जुनी साक्ष आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अंत्यविधीचं सूक्त आहे. त्याची सुरुवातच अग्नीला विनवण्याने होते : याला जाळून टाकू नकोस, याला पोळवू नकोस, याची त्वचा आणि शरीर विखरू नकोस. चितेवर ठेवताना हे म्हणायचं! ज्याला आपणच अग्नीच्या हवाली करतो आहोत, त्याच्यासाठी अग्नीकडेच मऊपणा मागायचा. हे वाचताना मला नेहमी वाटतं, ते लिहिणाऱ्याच्या समोर त्याचा स्वतःचा कुणीतरी असणार. आईंच्या मनात आज नेमकं हेच चाललं आहे.

पण त्याच सूक्तात, दोनच ऋचा पुढे, गेलेल्या माणसाला सांगितलं आहे : तुझा डोळा सूर्याकडे जावो, तुझा श्वास वाऱ्याकडे, तुझ्या धर्माप्रमाणे आकाशाकडे जा, पृथ्वीकडे जा, तुझं हित असेल तर पाण्याकडे जा, आपल्या अवयवांनी वनस्पतींमध्ये स्थिर हो. चुलतसासऱ्यांना ही ऋचा अर्थासकट वाचून दाखवा. डोळा माणसाबरोबर पुढच्या जन्मी जातो असं यात कुठेही नाही. जिथून तो आला तिथे, प्रकाशाकडे, तो परत जातो. अग्नी दिला तरी डोळे जळतातच. मग जाळलेले डोळे पुढच्या जन्मी मिळणार आणि दिलेले मिळणार नाहीत, हा हिशेब कुणी आणि कुठे मांडला? नेत्रदानातून ज्याला दिसू लागतं त्याच्या बाबतीत तर 'डोळा सूर्याकडे जावो' हे शब्दशः खरं होतं.

पुढच्या देहाबद्दल आपल्याकडे एक अगदी ठरलेली कल्पना आहे आणि तुमच्या घरी कुणाच्या तरी दहाव्याला ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलीही असेल. गरुडपुराणात सांगितलं आहे की पहिल्या दिवसाच्या पिंडाने गेलेल्या जिवाचं मस्तक तयार होतं, मग मान-खांदे, मग हृदय, असं करत नवव्या दिवसापर्यंत सारं अंग घडतं आणि दहाव्या दिवशी तहानभूक येते. म्हणजे पुढच्या वाटेला लागणारा देह मुलाबाळांनी दिलेल्या अन्नातून बनतो. जुन्या देहाचा तुकडाही त्यात लागत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात हे सगळं होतं कशावर? अश्म्यावर. स्मशानात मडकं फोडलेला तो दगड, काही ठिकाणी त्याला जीवखडा म्हणतात, दहा दिवस जपून ठेवतात आणि तिलांजली, पिंड सगळं त्याच्यावर होतं. दहा दिवस तो दगडच वडील असतो, आई असते. देह समोर नसताना श्रद्धा कुठे आणि कशी ठेवायची, हे आपल्या परंपरेला फार पूर्वीपासून येतं.

'अग्नी नाही तर गती नाही' याला मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ईशावास्य उपनिषद म्हणतं, 'भस्मान्तं शरीरम्', या शरीराचा शेवट भस्म. गृहस्थाला अग्नी द्यावा हीच आपली मुख्य रीत, आणि आईंचा आग्रह त्यातून आला आहे. पण 'मुख्य रीत' म्हणजे 'एकमेव वाट' असं नाही. दात न आलेलं मूल गेलं तर त्याला पुरतात. संन्याशाला अग्नी देत नाहीत, समाधी देतात. लिंगायत, महानुभाव, नाथपंथी गोसावी यांच्याकडे पुरण्याचीच परंपरा आहे. आळंदीत १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. तिथे चिता पेटली नाही म्हणून माउलींना गती मिळाली नाही, असं आई म्हणतील का? आणि ज्याचा देह हातीच लागला नाही, नदीत वाहून गेला, परदेशात हरवला, त्याच्यासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० देठांचा मनुष्याकृती पुतळा करायचा, डोक्याला ४० देठ, बाकीच्या अंगांना ठरलेले, आणि त्याला अग्नी द्यायचा. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या धर्मसिंधूमध्येही हा विधी दिला आहे. देहदान काही त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं, हे लक्षात ठेवून तुमच्या नेहमीच्या गुरुजींशी आत्ताच, बाबा असतानाच, बोलून घ्या. काही गुरुजी दर्भाचा पुतळा करून अग्नी देतील, काही थेट पुढचे दिवस करतील. आईंचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशाच गुरुजींना विचारा. त्यांच्या तोंडून ऐकलेलं आणि माझ्यासारख्या सदर लिहिणाऱ्याकडून ऐकलेलं यात आईंना फरक वाटणार, आणि तो वाटायलाच हवा.

आता आईंच्या बोलण्यातला सगळ्यात अवघड भाग. 'परक्या पोरांनी यांना उघडं करून कापायचं.' हे खोटं आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. शरीररचनाशास्त्र विभागात देह आल्यावर रक्तवाहिनीतून फॉर्मालिनचं मिश्रण सोडून तो टिकवतात. मग पहिल्या वर्षाची मुलंमुली तो महिनोन्‌महिने थर थर उलगडत शिकतात : त्वचा, स्नायू, नसा, सांधे. आईंपासून हे लपवू नका. एकदा लपवलं त्याचं काय झालं, ते तुम्ही पाहताच आहात.

पण हे काम परकं किंवा विलायती आहे, असं त्यांना वाटत असेल तर शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या आपल्या प्राचीन वैद्याचं, सुश्रुताचं सांगा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, पाचव्या अध्यायात, शरीर कसं शिकावं ते दिलं आहे. देह सगळ्या अवयवांसह पूर्ण असावा, विषाने मेलेल्याचा नसावा, फार दिवसांच्या आजाराने खंगलेल्याचा नसावा, शंभरी गाठलेल्याचा नसावा. आतड्यांतला मळ काढून तो मुंज गवत, साल, कुश, ताग यांत गुंडाळावा, पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत, लोकांच्या नजरेआड ठेवावा. सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतलं सगळं एकेक डोळ्यांनी पाहावं. 'लोकांच्या नजरेआड' आणि 'हळूहळू', हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. शिकायचं होतं, पण देहाची अब्रू राखून. सुश्रुत पुढे सांगतो की डोळ्यांनी पाहिलेलं आणि शास्त्रात वाचलेलं, दोन्ही मिळूनच ज्ञान वाढतं. आणि लगेच बजावतो की देहातला तो अतिसूक्ष्म विभू, म्हणजे आत्मा, मात्र चर्मचक्षूंना दिसत नाही, त्याला ज्ञानाचे आणि तपाचे डोळे लागतात. ज्याने देह उलगडायला शिकवलं त्यानेच हेही लिहून ठेवलं आहे. आईंना जे जपायचं आहे, त्याला सुरी लागत नाही.

हाडांच्या संख्येबद्दलही तो स्वच्छ बोलतो : वेदवाले ३६० म्हणतात, शल्यतंत्रात, म्हणजे शस्त्रक्रियेच्या शास्त्रात, मात्र ३००. आज आपण प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ मोजतो. पळसाच्या देठांचा तो आकडाही ३६०च आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. वेदांतला आकडा मोठा मानूनही 'आम्ही पाहिलं ते असं' म्हणायची हिंमत या परंपरेत होती. पुढे शतकानुशतकं मृतदेहाला हात लावणं विटाळाचं ठरलं आणि हे शिक्षण बंद पडलं. १८३६ मध्ये कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं तेव्हा ती मोठी घटना ठरली. आणि ते स्वतः संस्कृत नि आयुर्वेद शिकलेले वैद्य होते. विटाळाबद्दल चोखोबांच्या घरातल्या सोयराबाईंनी त्याच्या कितीतरी आधी विचारून ठेवलं आहे : 'देहासी विटाळ म्हणती सकळ, आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध.' देहाचा विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा झाला तो कोण? याचं उत्तर त्यांना आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

अनेक महाविद्यालयांत आता पहिल्या दिवशी विद्यार्थी त्या देहापुढे उभे राहून शपथ घेतात, की आम्ही याचा मान राखू, याची थट्टा करणार नाही, फोटो काढणार नाही. बाबांनी जिथे फॉर्म भरला आहे तिथे ही पद्धत आहे का, अभ्यास संपल्यावर उरलेल्या अवशेषांचं काय करतात, कुटुंबाला कळवतात का, हे विचारून घ्या. जमलं तर विभागप्रमुखांशी आईंची भेटच घडवून आणा. बाबांच्या पायाशी बसून शिकलेल्या मुलांची संख्या मोठी असेल. आता त्यांच्याकडून आणखी एक वर्ग शिकणार आहे, हे त्या विभागप्रमुखांच्या तोंडून ऐकणं आणि तुमच्याकडून ऐकणं यात फरक आहे.

आता बाबांकडे वळते. ते म्हणतात, जुनं वस्त्र, त्यात काय? मला त्यांना कठोपनिषदाची आठवण द्यायची आहे. वाजश्रवसाने सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि दक्षिणेत गाई दिल्या. कसल्या गाई? ज्यांचं पाणी पिऊन झालं होतं, चारा खाऊन झाला होता, दूध आटलं होतं, अंगात काही उरलं नव्हतं अशा. लहानग्या नचिकेताला ते सहन झालं नाही. अशा गाई देणारा आनंद नसलेल्या लोकांत जातो, हे त्याच्या मनात आलं, आणि म्हणून त्याने विचारलं, 'बाबा, मला कुणाला देणार?' पुढचं सगळं उपनिषद त्या एका अस्वस्थतेतून घडलं आहे. टाकाऊ वस्तू दिली तर ते दान होत नाही. मग देह खरंच फाटकं कापड असेल, तर बाबा देताहेत तरी काय? देहदान हे दान ठरतं ते देह मोलाचा आहे म्हणूनच. ज्या हातांनी फळ्यावर लिहिलं, नातवंडांना बोट धरून चालवलं, ते हात ते देताहेत. आईंना जे मोल दिसतंय ते आधी बाबांना दिसलं पाहिजे. मग दोघं एकाच बाजूला येतील, कारण एकाच गोष्टीवर त्यांचं प्रेम आहे.

तुकोबांनी एकाच अभंगात दोन्ही सांगून टाकलं आहे. 'शरीर दुःखाचें कोठार, शरीर रोगाचें भांडार' असं म्हणत सुरुवात करतात. वाचताना वाटतं, आता देहाची निंदाच चालू राहणार. आणि मग वळतात : 'शरीर सुखाचें घोंसुलें', 'शरीरें साधलें परब्रह्म'. शेवटी म्हणतात, ते 'नव्हे वोखटें ना चांग', वाईटही नाही आणि चांगलंही नाही. वेग करायचा तो हरिभजनात. तुमच्या घरात बाबा या अभंगाचा एक भाग धरून बसलेत आणि आई दुसरा. दोघांपुढे अख्खा अभंग ठेवा.

देहदानाचा विषय निघाला की सगळे दधीचीचं नाव घेतात, वृत्रासुराला मारायचं वज्र करण्यासाठी देवांना स्वतःच्या अस्थी देणाऱ्या ऋषींचं. दिल्लीतल्या देहदान समितीचं नावही त्याच्यावरूनच आहे. मूळचे मराठवाड्यातले नानाजी देशमुख २०१० मध्ये चित्रकूटला गेले तेव्हा याच समितीकडे केलेल्या संकल्पाप्रमाणे त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. हिंदू परंपरेवर अपार श्रद्धा असलेला माणूस. त्यांना त्यात धर्माविरुद्ध काही दिसलं नाही. चुलतसासऱ्यांना हे उदाहरण पटण्यासारखं आहे.

पण दधीचीच्या गोष्टीतला एक भाग आपण सांगतच नाही. ब्रह्मपुराणातल्या गौतमी माहात्म्यात, म्हणजे आपल्या गोदावरीच्या माहात्म्यात, तो येतो. देव अस्थी मागायला आले तेव्हा दधीचीची पत्नी आश्रमात नव्हती. ती गर्भवती होती. ऋषींनी देह सोडला, देव अस्थी घेऊन गेले, आणि ती परतली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने पोटातलं मूल आश्रमातल्या पिंपळांच्या हवाली केलं आणि नवऱ्यामागे गेली. पिंपळांनी वाढवलेला तो पिप्पलाद मोठा झाला, त्याला बापाच्या मरणाची हकीकत कळली आणि तो देवांवर सूड घ्यायला निघाला. वज्र झालं, वृत्र मेला, तिन्ही लोक वाचले. तरी एका घरात न विचारल्याची जखम पुढच्या पिढीपर्यंत उरली. पुराणकर्त्याला हे लिहायची गरज वाटली, याचं मला फार मोल वाटतं. ही गोष्ट बाबांना सांगा. तुमच्या शब्दांत, एकट्यात, त्यांचा अपमान होणार नाही अशी.

माणूस गेल्यावर देह कुणाचा, हे तुम्ही विचारलंत. माझ्या समजुतीप्रमाणे परंपरेने तो कुणाच्याच मालकीचा ठेवला नाही. पाच महाभूतांकडून आला, त्यांच्याकडे गेला. मधल्या काळात धर्म साधायला हाताशी मिळाला. मालकी नाही, म्हणून 'माझा देह, माझी मर्जी' हे बाबांचं म्हणणं पुरेसं नाही, आणि 'माझ्या नवऱ्याचा देह, मी देणार नाही' हे आईंचंही. मागे राहणाऱ्यांकडे कर्तव्य असतं : त्या देहाला मानाने निरोप देण्याचं. कायद्याचं पाहिलं तर आपल्याकडे १९४९ पासून ॲनाटॉमी ॲक्ट आहे आणि बाबांच्या लेखी संमतीला किंमत आहे. पण व्यवहारात देह महाविद्यालयाला सोपवायचा तो कुटुंबाने. घरातून विरोध असेल तर महाविद्यालयाचे लोक देह ओढून नेत नाहीत आणि नेऊही नयेत. म्हणजे बाबांची इच्छा शेवटी आईंच्या हातात आहे. तिथे भांडण व्हायला नको असेल तर बोलणं आत्ता व्हायला हवं.

ते बोलणं तुमचं नाही, बाबांचं आहे. तुम्ही त्यांच्यासाठी एवढंच करा : एका दुपारी त्या दोघांना घरात एकटं ठेवा आणि बाबांना आधी सांगा की श्लोक म्हणू नका. 'तुला न विचारता केलं, चुकलं' हे पहिलं वाक्य असू दे. दुसरं, 'मला हे का करावंसं वाटतं ते ऐक.' आणि मग त्यांनी आईंचं ऐकावं, मध्ये न बोलता. तुमच्या नवऱ्यानेही आता गप्प राहू नये. त्यांची सही आहे, आणि उद्या फोन करायचा प्रसंग त्यांच्यावर येणार आहे. तुम्ही स्वतः आईंजवळ बसून सांगा, 'सही करताना तुम्हाला विचारायला हवं होतं, ते राहिलं.' 'बाबांनीच सांगितलं होतं' हे त्यात जोडू नका. त्यांना ते माहीत आहे.

आईंना आणखी एक सांगायचं राहून जातं आणि त्याने बरंच हलकं वाटतं. देहदान म्हणजे देह दारातून लगेच उचलून नेणं नाही. घरी आंघोळ घालता येते, स्वच्छ धोतर नेसवता येतं, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र ठेवता येतं, फुलं वाहता येतात, नातेवाइकांना दर्शन घेता येतं. गुरुजी मंत्र म्हणू शकतात. भजनी मंडळ असेल तर अभंग म्हणता येतात. आईंना स्वतःच्या हाताने जे जे करायचं असेल ते आधीच विचारून ठेवा आणि त्यात घाई करू नका. पुढे दहावा, बारावा, तेरावा, वर्षश्राद्ध, सगळं नेहमीसारखं. अस्थी नसतील, ती पोकळी त्यांना जाणवणार, तेव्हा त्याची आधीच कल्पना द्या.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. विभागाचा फोन नंबर, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा तेही, घरात दिसेल असा लिहून ठेवा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला आणि बाबांचं नि तुमचं आधारकार्ड लागेल. देह शक्य तितक्या लवकर, काही तासांत पोहोचवावा लागतो. परगावचा मुलगा-मुलगी येईपर्यंत थांबायचं असेल तर शवपेटीची सोय विभागाला आधी विचारा. अपघात किंवा पोलीस केस होऊन शवविच्छेदन झालं, किंवा एचआयव्ही, कावीळ ब यांसारखा संसर्ग असेल, तर देह घेत नाहीत. क्वचित जागा नसते. अशा वेळी अग्नी द्यायचाच, हे घरात सगळ्यांना माहीत असू दे, म्हणजे 'बाबांची इच्छा मोडली' असं कुणाला वाटणार नाही. नेत्रदान केलेला देह बहुतेक महाविद्यालयं घेतात. बाकीचे अवयव काढले असतील तर घेत नाहीत.

आणि इतकं सगळं करूनही आई 'नको'च म्हणाल्या तर? तर मी त्यांच्यावर लादणार नाही. बाबांना ते जिवंतपणी सांगावं लागेल, आणि ते दुःख त्यांना पेलावं लागेल. अशा वेळी नेत्रदानाचं तरी आईंना विचारा. त्याला देह न्यावा लागत नाही. नेत्रपेढीचे लोक घरी येतात, साधारण सहा तासांच्या आत यावं लागतं, काम पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, वय कितीही असलं तरी चालतं. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घ्यायची. त्यानंतर बाबांना घरातून नेऊन अग्नी देता येतो, आईंना हवा तसा.